मधुपौर्णिमेचं खोटं

माझी बायको खोटं बोलत नाही. लोकांना याचं फार कौतुक वाटतं. त्यांनी तिच्याबरोबर तीस वर्षं संसार करून बघावा, मग बोलावं. एकदा मी आजारपणाची रजा टाकून लातूरला दोस्ताच्या लग्नाला गेलो होतो. परत आलो त्याच संध्याकाळी सुपरवायझर तब्येत विचारायला घरी हजर. मी पांघरूण घेऊन कण्हत पडलो होतो. हिने दारातच सांगून टाकलं, "आजारी नाहीत. लग्नाचं जेवण अंगावर आलंय." माझा पगार कापला गेला. वर ही मलाच विचारते, "मी काय चुकीचं बोलले?"

कस्तुरा तिचं नाव. महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर आहे. मी भोसरीच्या एका कंपनीत फिटर होतो, कंपनीने गाशा गुंडाळल्यावर रिक्षा घेतली. आम्ही रहाटणीत राहतो. गल्लीतली निम्मी माणसं आमच्यासारखीच लातूर-धाराशिवकडून आलेली. तरणी पोरं चाकणला शिफ्ट करतात, सुना पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये कामाला जातात आणि घरात म्हाताऱ्या उरतात, आपापल्या शुगर-बीपीसकट. या म्हाताऱ्या म्हणजे हिची दुसरी ड्यूटी. दवाखान्यातून आली की चहा घ्यायचा आणि फेरीला निघायचं. कुणाची जखम धुवायची, कुणाचं बीपी बघायचं, ज्यांना स्वतःच्या हाताने इन्सुलिन घेता येत नाही त्यांना सुई टोचायची. पैसे घेत नाही. त्यानंतर विहार. घराचा नंबर तिसरा, आणि घरात माझा नंबर कितवा हे मी अजून विचारलेलं नाही.

सुईच्या बाबतीत तिचा एक नियम होता. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, आणि पहिला घास पोटात गेलेला बघितल्याशिवाय तिथून हलायचं नाही. इन्सुलिन टोचलं आणि माणूस जेवला नाही, तर साखर उतरत जाते. माणूस आधी बरळतो, मग बेशुद्ध पडतो, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर जातोसुद्धा. हे तिने गल्लीला इतक्यांदा सांगितलं होतं, की मलासुद्धा पाठ झालं.

आणि धम्माच्या बाबतीत ती माझ्या जुन्या फोरमनपेक्षा कडक. मी तसा जयंतीपुरता बौद्ध. पांढरा शर्ट घालायचा, मिरवणुकीत नाचायचं, जिलेबी खायची. हिचं तसं नाही. पंचशील म्हणजे नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं. श्रावणात आमच्या विहारातल्या गोजाबाईंनी नातवाला कंपनीत लावून घ्यावं म्हणून अंगणातल्या बोधिवृक्षाला गुपचूप दोरा बांधला. कस्तुराने तो ड्रेसिंगच्या कात्रीने सगळ्या बायांसमोर कापला. "बाबासाहेबांनी आपल्याला ज्या खड्ड्यातून वर काढलं, त्यातच परत उडी मारायची का? आपल्यात नवस नाही!" गोजाबाईंचं तोंड एवढंसं झालं. मी घरी आल्यावर म्हटलं, "अगं, चार माणसांत कशाला? बाजूला घेऊन सांगायचं." तर म्हणाली, "खरं बोलायला बाजूला कशाला घ्यायचं?"

त्या दिवशी गोजाबाईंच्या मागे सोजरबाई बसल्या होत्या. समोरच्या घरातल्या. पोरगा सुजित चाकणला, सून करिष्मा सातव्या महिन्यात. याआधी दोन वेळा करिष्माचा गर्भ अर्ध्यात पडला होता. दुसऱ्या वेळी तर पोरगी महिनाभर कुणाशी बोलत नव्हती. दोरा कापलेला बघून सोजरबाई एक गोष्ट शिकल्या. नवस करू नये, ही नव्हे. नवस केला तर कस्तुराताईला कळू द्यायचा नाही, ही.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्यात पौर्णिमेला काही जण अष्टशील घेतात. म्हणजे पांढरी वस्त्रं नेसायची आणि दुपारचे बारा वाजून गेले, की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत अन्न तोंडात घालायचं नाही. शुगरवाल्या बायांना कस्तुराने हे साफ बंद केलं होतं. सोजरबाईंनी मात्र घरातल्या बुद्धाच्या फोटोसमोर हात जोडून मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की पोरीचं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत एकही पौर्णिमा सोडायची नाही. या उपासाला उपोसथ म्हणतात, त्याचाच त्यांनी नवस करून टाकला. दोरा दिसतो, उपास कुणाला दिसतो? श्रावणातली पौर्णिमा गोळ्यांवर निभावली. मग भादव्यात डॉक्टरांनी त्यांना गोळ्यांवरून सुईवर आणलं. आणि आली भादव्यातली पौर्णिमा.

हिला मधुपौर्णिमा म्हणतात. या दिवशी भन्तेजींना, म्हणजे भिक्खूंना, मध दान देतात. विहारातला कार्यक्रम सगळा कस्तुराच्या अंगावर होता. मंडप, सतरंज्या, माईक, भन्तेजींना आळंदी रोडवरून आणायचं, त्यांना मी रिक्षातून आणलं. ती दवाखान्यातून आली तीच पळत. पांढरी साडी नेसली आणि फेरीला निघाली. सोजरबाईंच्या घरी मी बरोबर होतो, कारण पुढे दोघांना विहारातच जायचं होतं. सोजरबाई ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. भाकरी, मुगाची आमटी. करिष्मा ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

कस्तुराने सुई टोचली. सोजरबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला. तेवढ्यात माझा फोन वाजला, माईक चालू होत नव्हता. कस्तुरा उठली. "जेवा हं, सोजरबाई."

"व्हय ताई. तुमी व्हा म्होरं."

घास हातात होता. तोंडात नव्हता. आम्ही दोघं बाहेर पडलो.

विहार भरलं होतं. बुद्धरूपासमोर मधाच्या बाटल्या मांडल्या होत्या, काही मॉलमधल्या चपट्या, काही गावाकडून आणलेल्या, बूच लावलेल्या. वंदना झाली, भन्तेजी बोलायला लागले. मी दाराजवळ पंख्याखाली बसलो होतो. सोजरबाई बायांच्या मधल्या रांगेत, शेजारी करिष्मा भिंतीला टेकून.

प्रवचन रंगात आलं आणि बायांच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मोठ्याने. सगळ्यांनी वळून बघितलं. सोजरबाई हसत होत्या, कुणाकडे न बघता. मग त्या उठून उभ्या राहिल्या, झोक गेला, पुढच्या बाईच्या खांद्यावर हात टाकला आणि ओरडल्या, "बैल सोडा! बैल सोडा म्हणलं ना!" त्यांचा पदर खाली पडला होता. मान हलत होती.

आणि मग जे झालं त्याची मला आजसुद्धा चीड येते. पन्नास माणसं, सगळी बाबासाहेबांचं नाव घेणारी, आणि सगळी दोन हात मागे सरली. मधोमध सोजरबाई एकट्या. कुणीतरी पुटपुटलं, "अंगात आलं."

"आपल्यात अंगात येतं का रे?" मी ओरडलो. पण खरं सांगतो, माझेही पाय जागचे हलले नाहीत. माझी आजी अशीच घुमायची, आणि लहानपणी बघितलेलं माणूस विसरत नाही.

गोजाबाई म्हणाल्या, "दोरा कापला हुता ना भर विहारात! त्येचंच हाय हे. लिंबू आणा कुणीतरी."

तोपर्यंत कस्तुरा रांगा तुडवत तिथे पोचली होती. तिने सोजरबाईंचा हात धरला, कपाळावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. सोजरबाईंचं अंग गार पडलं होतं, ब्लाऊज घामाने चिंब भिजला होता. "साखर उतरलीय," ती म्हणाली. मग करिष्माकडे वळून, "जेवल्या ना या? माझ्यामागे जेवल्या ना?"

करिष्मा बोलेना.

"करिष्मा, मी काय विचारतेय?"

"न्हाई ताई," पोरगी रडायलाच लागली. "उपास हाय आईंचा. नवस हाय. माझ्यासाठी. तुमाला सांगू नको म्हणल्या."

कस्तुरा सोजरबाईंना कुशीवर निजवत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुई मी टोचलीय. यांच्या अंगात काही आलेलं नाही, माझं इन्सुलिन आहे. सरका मागे, वारा येऊ द्या."

कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. "पाणी नको! श्वासनळीत जाईल." नेहमीची पिशवी तिच्यापाशी नव्हती, माईकच्या घाईत ती सोजरबाईंच्याच घरी राहिली होती. नाहीतर तिच्यात ग्लुकोजची पुडी असतेच. तिने इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ बुद्धरूपासमोर जाऊन मधाची एक बाटली उचलली.

"दानाचं हाय ते!" गोजाबाई किंचाळल्या. "आजून भन्तेजींच्या हातात दिलं न्हाई!"

भन्तेजी तरुण होते. ते नुसते उभे राहिले. कस्तुराने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दातांनी बूच काढलं, बोटावर मध घेतला आणि सोजरबाईंच्या ओठांना लावला. गालाच्या आत, हिरड्यांवर चोळला तरी रक्तात जातो, तिने मला पूर्वी सांगितलं होतं. पण बोट आत जाईल तेव्हा ना! सोजरबाईंनी दात गच्च आवळले. मान हिसडली. हाताचा फटका असा मारला, की बाटली सतरंजीवर कलंडली.

"न्हाई... दिस उगवू द्या..." दातांच्या फटीतून शब्द येत होते. "माझी पोरगी... न्हाई खायची..."

शुद्ध जात होती, पण नवस जात नव्हता. डोळे पांढरे व्हायला लागले होते. कस्तुराने पुन्हा बोट पुढे केलं, पुन्हा दात. तिने जबडा धरून बघितला, मी खांदे धरले. म्हाताऱ्या बाईत एवढा जोर कुठून आला देव जाणे. म्हणजे देव नाही, पण तुम्हाला समजलं. करिष्मा पोटाशी हात धरून नुसती "आई, आई" करत होती. मला वाटलं, संपलं. आता ही बाई इथेच जाणार, सगळ्यांसमोर, आणि माझी बायको पुढचं सगळं आयुष्य हे बोट समोर धरून बसणार.

तेव्हा कस्तुरा खाली वाकली. सोजरबाईंच्या कानाशी तोंड नेलं. आवाज मऊ केला, सकाळी पेशंटला उठवतात तसा.

"सोजरबाई, अहो उठा. सकाळ झाली."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. उघड्या दारातून पत्र्यावर चढलेला चंद्र दिसत होता. डोक्यावर ट्यूब जळत होत्या. समोर बुद्धरूप.

"दिस... उगवला?"

"उगवला की. केव्हाच उगवला. ऊन आलंय बघा अंगणात." तिने पुन्हा बोटावर मध घेतला. "उपास पार पडला तुमचा. आता तोंड उघडा."

क्षणभर काहीच झालं नाही. मग दात सुटले.

कस्तुराने बोटाने मध आत चोळायला सुरुवात केली. थोडा थोडा. गालात, हिरड्यांवर, परत गालात. सगळं विहार वाकून बघत होतं. मघाशी मागे सरलेली माणसं आता अंगावर आली होती, त्यांना मी दोनचार शिव्या हासडल्या, विहारात होतो तरी. बऱ्याच वेळाने सोजरबाईंनी घोट गिळला. आणि मग डोळे जागेवर आले. गोजाबाईंनीच दुसरी बाटली उघडून कस्तुराच्या हातात दिली.

पण इन्सुलिन अजून अंगात होतं, साखर परत उतरणार होती. आम्ही सोजरबाईंना रिक्षात घातलं. कस्तुराने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, करिष्मा शेजारी. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, काळेवाडीच्या रस्त्यावर गुलालाचा चिखल आणि अर्धे बॅरिकेड अजून आडवे. मी रिक्षा कशी काढली माझं मला माहीत. मागून कस्तुराचा आवाज येत होता, "नाव सांगा तुमचं. पोराचं नाव सांगा. झोपायचं नाही. सुजित कुठल्या शिफ्टला आहे?" आणि मधेच उत्तर आलं नाही, की मी आरशात बघायचो. पिंपरीचा पूल ओलांडेपर्यंत सोजरबाई तीनदा गप्प झाल्या आणि तीनदा कस्तुराने त्यांना मध चाटवून परत आणलं. मला फार भीती वाटली त्या रात्री. सोजरबाईंची तर वाटलीच, पण आरशात बायकोचा चेहरा बघून जास्त वाटली.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, आता रात्रभर लक्ष ठेवू. सुजित चाकणवरून कंपनीच्या कपड्यातच आला. कुणीतरी फोनवर त्याला अर्धवट सांगितलं होतं. तो थेट कस्तुरासमोर उभा राहिला. "सिस्टर, सुई तुमी टोचली ना?"

"हो."

"आई उपाशी होती."

"हो. घास हातात बघितला आणि निघाले. थांबायला पाहिजे होतं."

मी मध्ये पडणार होतो. म्हणणार होतो, की बाबा, तुझ्या आईनेच लपवलं. पण कस्तुराने हात आडवा केला. सुजित तिच्याकडे बघत राहिला. त्याला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणी उभंच राहीना. शेवटी तो करिष्माशेजारी जाऊन बसला.

आम्ही बाहेर बाकड्यावर होतो. मी म्हटलं, "जीव वाचवायला बोललीस. त्याला खोटं म्हणत नाहीत."

"म्हणतात," ती म्हणाली. "पण त्याचं एवढं नाही हो. त्यांनी माझ्यापासून का लपवलं? मला घाबरून. माझ्यासमोर बायकांना खरं बोलता येत नाही. मग मी तीस वर्षं खरं बोलले ते काय चाटायचंय?"

मी रिक्षातली चादर आणून तिच्या अंगावर टाकली.

उजाडल्यावर सोजरबाईंना चांगली शुद्ध आली. सुजित चहा आणायला गेला, तेवढ्यात करिष्माने मला गाठलं. "काका, ताईंना सांगा ना. आई विचारतील, तर सकाळच झाली व्हती म्हणा. उपास मोडला कळलं तर धसका घेतील. पुन्हा जेवायच्या न्हाईत. पोटातल्या बाळाचं काही झालं तर सोताला दोष देत बसतील." पोरगी हात जोडत होती. मला तिचं शंभर टक्के पटलं. मी कस्तुराला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, "एकदा बोललीसच आहेस. तेच पुढे चालू ठेव. नुसतं हो म्हण. तेवढंच."

ती वळली. आत गेली. मी मागोमाग, करिष्मा माझ्यामागे.

सोजरबाई उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाईन, ओठांच्या कडेला मध वाळलेला. कस्तुरा खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

"सोजरबाई, काल रात्री मी तुमच्याशी खोटं बोलले."

करिष्माने माझी बाही पकडली. मी डोळे मिटून घेतले. हिला काही सांगून उपयोग नाही, कधीच नव्हता.

"सकाळ झाली नव्हती," कस्तुरा म्हणाली. "रात्रच होती. तुमचा उपास मी मोडला. सुईसुद्धा माझीच होती. आणि तुम्ही मला घाबरून लपवलंत, तेही माझ्यामुळेच. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

सोजरबाईंनी ओठाच्या कडेचा मध पुसला. मग म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं की."

"काय?"

"रातच व्हती ते. टूबलाईट दिसायली व्हती मला. डोळे गेले न्हवते माझे."

कस्तुराने स्टूल पुढे ओढलं. "मग तोंड का उघडलंत?"

"तुमी लबाड बोलायला लागलाव म्हणून." सोजरबाईंनी सलाईन नसलेला हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. "मनात म्हणलं, कस्तुराताई लबाड बोलायली. बुद्धाम्होरं. म्हणजे मी खरंच मरायले. मग कसला नवस, माय? नातवंड आलं आन आजीच न्हाई, तर त्येला अंघोळ कोण घालावं?"

माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला, पण काही उपयोग झाला नाही. ती मोठमोठ्याने रडायला लागली, एखाद्या सिस्टरने वॉर्डात कधी रडू नये तशी. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सोजरबाई तिचा गुडघा थोपटत राहिल्या. ड्यूटीवरची पोरगी धावत आली, दोघींकडे बघितलं, आणि आधी कुणाला धरावं ते तिला कळेना.